युकुलेले ‘सोपं’ आहे म्हणून गळ्यात मारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की छंदवर्गांच्या जाहिराती सुरू होतात आणि हल्ली त्यात युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, हमखास असतं. ‘सगळ्यात सोपं वाद्य’, ‘एका दिवसात पहिलं गाणं’, ‘गिटारची पहिली पायरी’ वगैरे. मी ठाण्यात घरीच युकुलेले शिकवते, त्याआधी बरीच वर्षं पेटीची साथ करायचे. माझ्याकडे येणाऱ्यांत कितीतरी जण असे असतात की ज्यांनी हे वाद्य आधी एकदा घेतलेलं असतं, थोडे दिवस वाजवलेलं असतं आणि मग ‘आपल्याला सुराचं काही कळत नाही’ असं ठरवून माळ्यावर टाकलेलं असतं. त्यांचा कान चांगला असतो हो. कान चांगला असतो म्हणूनच ते वैतागलेले असतात, कारण बेसूर वाजतंय हे त्यांना ऐकू येत असतं, फक्त ते वाद्यामुळे होतंय, आपल्यामुळे नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जेवढं बसेल तेवढं छापा ही विनंती.

पहिली गोष्ट तारांची. युकुलेलेच्या तारा नायलॉनच्या किंवा तशाच कृत्रिम धाग्याच्या असतात, आणि नवीन तार ताणली की ती ताणतच राहते. आत्ता ट्यून केलं, दोन गाणी वाजवली की उतरली, परत लावली की परत उतरली, असं साधारण आठवडाभर चालतं, कधी थोडं जास्तच. हे सगळ्या युकुलेलेंचं होतं, अगदी महागातल्यासुद्धा. पण ज्याला ‘एका दिवसात गाणं’ सांगितलंय त्याला वाटतं की खुंट्या खराब आहेत, मग तो दुकानात बदलायला जातो, तिथून दुसरं नवीन आणतो आणि त्याच्याही तारा नवीनच असल्यामुळे सगळं पहिल्यापासून. यावर उपाय फार साधा आहे, रोज वाजवायचं आणि दर वेळी वाजवायच्या आधी ट्यून करायचं. तंबोरा जुळवल्याशिवाय कोणी गायला बसत नाही, मग इथेच का घाई करायची. आणि ट्यून करताना तार चढली असेल तर नुसती खाली आणून थांबू नका, हव्या त्या सुराच्या जरा खाली उतरवा आणि मग खालून वर आणत सुरावर थांबा, म्हणजे खुंटीच्या गिअरमधली ढिलाई निघून जाते आणि तार टिकते. एवढी एकच सवय लागली तरी निम्मी भांडणं मिटतात.

दुसरी गोष्ट चौथ्या तारेची, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. युकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. हातात धरल्यावर जी तार आपल्या हनुवटीच्या बाजूला असते ती ‘जी’, म्हणजेच चौथी तार, जमिनीच्या बाजूची ए. आता गिटार बघितलेल्या माणसाला वाटतं की वरची तार म्हणजे सगळ्यात खर्ज. युकुलेलेवर तसं नाहीये. सगळ्यात खालचा सूर सी तारेचा, म्हणजे वरून दुसऱ्या तारेचा आहे, आणि वरची ‘जी’ तार ई पेक्षाही उंच आहे, जवळजवळ ए च्या शेजारी. आकड्यांत सांगायचं तर सी साधारण २६२ हर्ट्झ, ई ३३०, जी ३९२ आणि ए ४४०. ही काही बनवणाऱ्याची चूक नाही, युकुलेलेचा जो खळखळता आवाज आहे ना तो या उंच जी मुळेच येतो, कारण कॉर्डमधले, म्हणजे एकदम छेडलेले, चारही सूर एकमेकांना चिकटून एकाच सप्तकात वाजतात.

पण मोबाईलवरचं ट्यूनर अॅप नुसतं ‘जी’ दाखवतं, आणि शिकणारा तारेला एक सप्तक खाली नेऊन जी लावतो, मग ती तार दोरीसारखी लोंबते. नाहीतर उलट, अॅप गिटारच्या सेटिंगवर असतं, ते काहीतरी भलतंच मागतं, माणूस पिळत बसतो आणि फटकन तार तुटते, पोरं घाबरून परत हात लावत नाहीत. अॅपमध्ये युकुलेलेचं सेटिंग निवडा, नसेल तर क्रोमॅटिक, म्हणजे बाराही सूर ओळखणारं सेटिंग, ठेवा आणि अक्षराबरोबरचा आकडाही बघा, जी ४, सी ४, ई ४, ए ४ असं चारही तारांना चारच यायला हवं. लो जी नावाचा प्रकारही असतो, त्यात ही तार खरंच एक सप्तक खाली लावतात, पण त्यासाठी वेगळी जाड तार मिळते, आहे तीच तार सैल करून ते होत नाही.

आणि ज्यांनी थोडंफार गाणं शिकलंय त्यांना मी सांगते की सी ला, म्हणजे पांढरी एकला सा धरा. मग या चार तारा होतात प सा ग ध. भूप रागाच्या पाच सुरांतले चार सूर मोकळ्या तारांवर, बोट न लावता! फक्त रे राहिला, तो सी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या) आणि वरचा सा ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. म्हणजे पहिल्याच दिवशी भूपाचा आरोह-अवरोह वाजवता येतो आणि त्यात डाव्या हाताला काम किती, तर दोन बोटांचं. हे ऐकलं की ‘आपलं गाणं यावर वाजत नाही’ म्हणणारे लोक एकदम सरसावून बसतात. तो गैरसमज मला सगळ्यात जास्त खुपतो म्हणून त्याच्यावर जरा जास्त लिहिते.

युकुलेलेवर पेटीसारखेच बारा सूर आहेत, ठरलेल्या जागी. जे पेटीवर होतं त्यातलं बरंच इथे होतं आणि जे पेटीवर होत नाही त्यातलं बरंच इथेही होत नाही. मींड लांबलचक येणार नाही, सूर टिकत नाही, तार छेडली की आवाज पटकन विरतो, त्यामुळे विलंबित ख्याल वाजवायला हे वाद्य नाही, ते कबूल. पण भावगीत, भक्तिगीत, अभंग, ओव्या, बडबडगीतं, सिनेमातली गाणी हे सगळं स्वतः वाजवत गाणं ही याची खरी ताकद आहे. वरच्या दोन तारा मोकळ्या छेडत राहिलात तर पंचम आणि षड्ज सतत मिळत राहतो, त्यावर आलाप करून बघा. चारही तारा मोकळ्या एकदम छेडल्या तरी ती एक कॉर्डच आहे, सी सिक्स्थ म्हणतात तिला. कॉर्ड म्हणजे दर अक्षराला बदलायची असते असंही बऱ्याच जणांना वाटतं, अभंगाच्या एका अख्ख्या ओळीला एकच कॉर्ड पुरते कधी कधी, कानाला खटकलं की बदला.

पट्टीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो कुठल्याच इंग्रजी व्हिडिओत सुटत नाही. आपल्याकडच्या बायका साधारण काळी चार, काळी पाचमध्ये गातात. काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, आणि युकुलेलेवर बी फ्लॅटची कॉर्ड नवशिक्याला रडवते, तिथे एका बोटाने दोन तारा आडव्या दाबाव्या लागतात. मग बाई म्हणते की माझ्या आवाजाला हे वाद्य जुळत नाही. अहो कॅपो नावाचा छोटा चिमटा मिळतो, तो तिसऱ्या फ्रेटला लावा आणि जी, सी, डी सेव्हनच्या सोप्या कॉर्ड वाजवा, आपोआप काळी पाच मिळेल. काळी चार हवी असेल तर तोच चिमटा पहिल्या फ्रेटला. पुरुषांना काळी एक हवी असेल तर पहिल्या फ्रेटला कॅपो आणि सी, एफ, जी सेव्हन. चिमट्याचे हे तीन उपयोग कळले की निम्मं घर गायला लागतं. आणि युकुलेलेला वेगळा छोटा कॅपो मिळतो तोच घ्या, गिटारचा लावला तर वाद्य मानेकडून खाली झुकतं.

आता वाद्य घेतानाचे गैरसमज. माझ्या ओळखीत एका मुलीच्या युकुलेलेची तार तुटली तर दुकानातल्या माणसाने शिल्लक पडलेली गिटारची स्टीलची तार लावून दिली. ताण इतका वाढला की काही दिवसांत घोडीच, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिच्यावर बसतात ती पट्टी, उखडून आली, वाद्य गेलं. युकुलेलेचा वरचा लाकडी पत्रा फार पातळ असतो, तो नायलॉनच्या ताणाच्या हिशोबानेच बनवलेला असतो, त्यामुळे तार मागताना ‘युकुलेलेची, सोप्रानो’ किंवा ‘कॉन्सर्ट’ असं साइजसकट सांगा.

साइजचंही असंच. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर, बॅरिटोन असे चार मुख्य प्रकार आहेत, तारेची लांबी साधारण १३, १५, १७ आणि १९ इंच. लोकांना वाटतं मोठं घेतलं की आवाज खर्जात जातो. पहिल्या तिघांचं ट्यूनिंग एकच असतं, तेच जी सी ई ए, मोठ्यात आवाज जरा भरदार येतो आणि बोटांना जागा मिळते एवढंच. बॅरिटोन मात्र वेगळं, ते डी जी बी ई असं लावतात, गिटारच्या जमिनीच्या बाजूच्या चार तारांसारखं. हे माहीत नसताना कोणी बॅरिटोन घेऊन येतो, व्हिडिओ बघून सी ची कॉर्ड धरतो आणि वाजतं दुसरंच, मग तो बिचारा व्हिडिओवाल्याला शिव्या घालतो. पहिलं वाद्य घेताय तर सोप्रानो किंवा कॉन्सर्ट, बोटं जाड असतील तर टेनर. आणि बोटं जाड म्हणून जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी हवाईचा गायक इझ्रायल कामाकाविवोओले बघावा, १९९७ साली गेला तो, प्रचंड देहाचा माणूस, हातात ते एवढंसं वाद्य आणि काय नाजूक वाजवायचा.

सॉलिड लाकडाचंच घ्या असंही इंटरनेटवर वाचून लोक येतात. हवाईतल्या कोआ लाकडाचा आवाज सुंदरच असतो, वाद नाही, पण आपल्याकडे मुंबई-कोकणातला पावसाळा, दिवसभर एसी आणि रात्री दमट हवा, यात सॉलिड लाकूड फुगतं, आकसतं, कधी भेगाही पडतात. लॅमिनेटचं, म्हणजे पातळ थर चिकटवलेलं वाद्य त्या मानाने सोशिक असतं. नवशिक्याने लाकडापेक्षा दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे मोकळी तार आणि तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून, ट्यूनरवर दोन्हीकडे एकच अक्षर बरोबर मध्यावर यायला हवं. दुसरी म्हणजे नट, मानेच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते ती. तिच्या खाचा बऱ्याचदा पुरेशा खोल कापलेल्या नसतात. मग मोकळ्या तारा सुरात असूनही एफ ची कॉर्ड धरली की ई तार चढी वाजते, आणि बोटंही दुखतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटपाशी बघा, तिथे केसाएवढी फट असावी, नख सहज जाईल एवढी असेल तर नट उंच आहे. गिटार दुरुस्त करणारा कोणीही कारागीर ते घासून देतो, थोडक्यात काम होतं. मला विचाराल तर ‘माझ्या बोटांत ताकद नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांत या नटचे बळीच जास्त असतील.

ताकदीवरून आठवलं, गिटारसारखं दाबून धरायची इथे गरजच नाही. नायलॉनची तार जास्त दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणजे जितकं जीव लावून दाबाल तितकं बेसूर. बोट फ्रेटच्या अगदी मागे लागून ठेवा आणि आवाज स्वच्छ येईल इतकंच दाबा. उजवा हातही गिटारसारखा भोकावर नको, मान जिथे वाद्याच्या धडाला मिळते तिथे तर्जनीच्या नखाने छेडा, आवाज गोल येतो. प्लास्टिकच्या पिकने नको, त्याने आवाज टोचरा येतो आणि लाकडावर ओरखडे पडतात ते वेगळेच.

स्ट्रमिंगच्या, म्हणजे हात खाली-वर करत तारा छेडण्याच्या, बाबतीत सगळे ‘डाउन डाउन अप अप डाउन अप’ पाठ करून येतात, जणू त्याशिवाय युकुलेले होतच नाही. तो ठेका छानच आहे, केरव्याच्या आठ मात्रांत चपखल बसतो, पण पहिल्या आठवड्यात तो करायला गेलं की कॉर्ड बदलताना हात थांबतो, ताल तुटतो, गाणारा अडखळतो. त्यापेक्षा नुसतं खाली खाली खाली खाली वाजवा, हात थांबू देऊ नका, कॉर्ड चुकली तरी चालेल पण मात्रा सुटली नाही पाहिजे. आणि कितीतरी मराठी गाणी दादऱ्यात आहेत, सहा मात्रांची, त्यांच्यावर हा केरव्याचा ठेका ओढूनताणून बसवलेला ऐकला की मला खरंच वाईट वाटतं. आधी टाळी देऊन गाणं म्हणा, किती मात्रांचं आहे ते मोजा, मग वाद्य हातात घ्या.

ई मेजरच्या कॉर्डबद्दल दोन शब्द, कारण तिथे येऊन बरेच जण थबकतात. पुस्तकात तिचा आकार चौथ्या फ्रेटवर तीन बोटं आणि दुसऱ्यावर एक असा दिलेला असतो आणि तो भल्याभल्यांना स्वच्छ येत नाही. तीच कॉर्ड दुसरीकडेही मिळते, जी तार पहिला फ्रेट, सी तार चौथा, ई मोकळी, ए तार दुसरा. नाहीतर सरळ गाण्याची पट्टी बदला. हे शॉर्टकट म्हणजे लबाडी असं मुलांना वाटतं, पण एक कॉर्ड चार ठिकाणी मिळते तर हाताला सोयीची ती निवडायची, हेच शिकायचंय.

आता ‘खेळणं’ या शब्दावर येते, कारण मोठी माणसं त्यामुळेच याच्याकडे वळत नाहीत. २३ ऑगस्ट १८७९ला रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज होनोलुलूला लागलं, त्यात पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत काम करायला आलेली चारशेहून जास्त माणसं होती. त्यांतले मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे सुतारकामातले होते, मळ्यांतून सुटल्यावर त्यांनी त्यांच्याकडच्या चार तारांच्या माशेत या छोट्या वाद्यावरून होनोलुलूत वाद्यं बनवायला घेतली आणि हवाईचा राजा कालाकाउआ याने त्यांना दरबारात जागा दिली. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याचं वेड पसरलं, पुढच्याच वर्षी होनोलुलूत सॅम्युएल कामाका यांनी वाद्यं बनवायला सुरुवात केली, त्यांचं घराणं आजही तेच करतंय. खेळणं ही प्रतिमा नंतरची, १९५०च्या आसपास प्लास्टिकची युकुलेले लाखोंनी विकली गेली तेव्हा पक्की झालेली. त्याच सुमारानंतर कॅनडात हॅलिफॅक्सच्या शाळांमध्ये जे. चाल्मर्स डोन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस युकुलेलेवर अख्खा संगीताचा अभ्यासक्रम उभा केला, मुलं त्यावर नोटेशन वाचायला, एकेरी सुरांची चाल वाजवायला, एकत्र गायला शिकली. आपल्या शाळांमध्ये पेटी एक आणि मुलं साठ अशी परिस्थिती असते, तिथे हे का होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जाता जाता, पन्नाशीच्या पुढचे लोक याला हवाईयन गिटार समजतात, रेडिओवर वॅन शिप्ले यांनी वाजवलेली सिनेमाची गाणी ऐकलेली पिढी ती. ते वाद्य वेगळं, मांडीवर आडवं ठेवून तारांवर धातूची दांडी सरकवत वाजवतात. दोन्हींचं गाव एकच, बाकी साम्य नाही.

गिटारची पायरी म्हणून याच्याकडे बघणाऱ्या पालकांना सांगायचंय की युकुलेले आलं म्हणून गिटार आपोआप येत नाही आणि यायची गरजही नाही. बोटांची सवय उपयोगी पडते, आकारही पुष्कळसे तेच असतात, फक्त नावं बदलतात, गिटारवर जो डी चा आकार तो युकुलेलेवर जी होतो. पण मूल युकुलेलेवर रमलंय तर त्याला ‘आता मोठं वाद्य घे’ म्हणून ढकलू नका. जेक शिमाबुकुरो हा माणूस या चार तारांवर आयुष्य काढून जगभर मैफिली करतोय.

दुकानदार आणि छंदवर्गवाल्यांना माझी विनंती एवढीच की विकताना वाद्य ट्यून करून दाखवा, तारा आठवडाभर उतरणार हे तोंडाने सांगा, आणि वर्गाचा पहिला अख्खा तास गाण्याऐवजी तारा लावायला द्या, पालकांनी ‘आज काही शिकवलं नाही’ म्हटलं तरी. आपल्या पेपरच्या पुरवणीत सुट्टीतल्या छंदांची माहिती येते, तिथे हे चार तारांचे सूर आणि कॅपोच्या जागा चौकटीत छापता आल्या तर बघा, मी मजकूर लिहून द्यायला तयार आहे. आणि ज्यांच्या माळ्यावर युकुलेले पडून आहे त्यांनी ते खाली काढावं, नटपासून घोडीपर्यंत टेपने मोजावं, १३ इंचाच्या आसपास असेल तर सोप्रानो, १५ असेल तर कॉन्सर्ट, १७ असेल तर टेनर, त्या साइजचा तारांचा नवा सेट आणावा, कारण वर्षानुवर्षं पडलेल्या जुन्या तारा कितीही लावल्या तरी सुरात बोलत नाहीत.

आपली,
युकुलेले शिकवणारी एक वाचक, ठाणे